घरचा बार भरताना आधी बर्फ, मग बाटली

घरी पाहुणे बोलवायचे आणि पिण्याचीही नीट व्यवस्था करायची म्हटलं, की बहुतेक जण थेट वाइन शॉप गाठतात आणि दोन-तीन भारी बाटल्या घेऊन येतात. पाहुणे आल्यावर कळतं की फ्रीजरमध्ये बर्फाचे दोनच ट्रे आहेत, सोड्याची एकच बाटली आहे आणि लिंबं वाळून गेली आहेत. माझं मत ठाम आहे. नव्याने बार मांडणाऱ्याने आधी बर्फ, सोडा, लिंबू आणि ग्लास यांची सोय करावी, बाटल्यांचा विचार त्यानंतर. साधी व्हिस्की भरपूर बर्फात आणि ताज्या, थंडगार सोड्यात सुरेख लागते. उंची व्हिस्की कोमट सोड्यात घातली की वाया जाते.

पुढची सगळी मांडणी महाराष्ट्रातल्या साध्या फ्लॅटसाठी आहे. वेगळी खोली लागत नाही, काउंटर लागत नाही. कपाटाचा एक कप्पा, एक मोठा ट्रे आणि फ्रीजमधली थोडी जागा पुरते.

पहिली पायरी: परवाना

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्यामुळे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला, घेऊन जायला आणि प्यायलाही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो. घरी बार ठेवणार असाल तर वर्षाचा किंवा आजन्म परवाना काढून टाका. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, ऑनलाइन अर्जही करता येतो आणि शुल्क किरकोळ आहे. परवान्यावर किती साठा ठेवता येतो याला मर्यादा असते, ती नीट वाचून घ्या. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. मुलाचे किंवा मुलीचे कॉलेजातले मित्र घरी येणार असतील तर हे दोन आकडे पक्के लक्षात ठेवा.

गोव्यात बाटल्या स्वस्त मिळतात म्हणून परतताना गाडीच्या डिकीत भरून आणायचा मोह अनेकांना होतो. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परस्पर महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते. तो विचार सोडून द्या. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण दारूबंदी आहे.

ड्राय डेही कॅलेंडरवर आधीच बघून ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि निवडणुकांच्या आधीचे दिवस या काळात दुकानं बंद असतात. लांब सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोर रांग लागते आणि हवी ती बाटली मिळत नाही. बाटली परवानाधारक दुकानातूनच घ्या, सील बघा आणि बिल मागून घ्या.

दुसरी पायरी: कोण येणार आहे?

बार भरायचा तो पाहुण्यांसाठी, तेव्हा यादी त्यांच्यापासून सुरू करा. कोण पितं, काय पितं, कोण अजिबात घेत नाही, कोण गाडी चालवणार आहे. श्रावणात बोलावणार असाल तर निम्मी मंडळी पिणारही नाहीत आणि मांसाहारही करणार नाहीत. काहींचं गणपती होईपर्यंत तसंच चालतं. उलट दीप अमावास्येच्या आधीच्या शनिवार-रविवारी साठा जास्त लागतो.

दहा पाहुणे धरू. त्यांतले सहा पिणारे, बैठक तीन तासांची. पहिल्या तासात माणशी दोन आणि नंतर दर तासाला एक, असा अंदाज धरला तर माणशी चार, म्हणजे एकूण चोवीस ग्लास. ७५० मिलीच्या एका खंब्यातून ६० मिलीचे बारा लार्ज होतात किंवा ३० मिलीचे पंचवीस स्मॉल. मी घरी ४५ मिली ओततो. पाहुण्याला हात आखडता वाटत नाही आणि ग्लासही जड होत नाही. त्या मापाने एका बाटलीत सोळा ग्लास बसतात, म्हणजे चोवीस ग्लासांना दोन बाटल्या पुरून उरतात. कुणी बिअर किंवा वाइन घेणार असेल तर आणखी उरतात.

मापाची एक गोष्ट यजमानाने समजून घेतलीच पाहिजे. भारतात बनणाऱ्या व्हिस्की, रम, जिनमध्ये बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ३० मिलीच्या स्मॉलमध्ये सुमारे १३ मिली शुद्ध अल्कोहोल जातं. आता स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घ्या. ८ टक्क्यांच्या हिशोबाने त्यात ५२ मिली अल्कोहोल आहे, म्हणजे जवळपास चार स्मॉल. “मी फक्त एक बिअर घेतली” म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात दोन लार्ज घेतलेले असतात. १५० मिली वाइनचा ग्लास साधारण दीड स्मॉलइतका भरतो. हे ध्यानात असलं की कुणाला कधी पाणी द्यायचं आणि कुणापुढे कधी जेवण मांडायचं ते आपोआप कळतं.

तिसरी पायरी: बर्फ

दहा माणसांना पाच ते सहा किलो बर्फ लागतो. हा आकडा ऐकून लोक दचकतात. पण ग्लासात जाणारा बर्फ, बाटल्या गार करायला लागणारा बर्फ आणि वितळून जाणारा बर्फ अशी बेरीज केली की तेवढा होतोच.

बर्फ जास्त घातला की पेय पातळ होतं, असा एक समज आहे. होतं उलटच. ग्लासात दोनच खडे टाकले तर सगळी उष्णता त्या दोघांनाच शोषावी लागते आणि ते भराभर विरघळतात. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर पेय लगेच गार होतं आणि नंतरचं वितळणं मंदावतं. खडे मोठे असतील तर आणखी उत्तम. सिलिकॉनचे मोठ्या चौकोनांचे ट्रे मिळतात, तसे दोन घेऊन टाका.

दोन दिवस आधीपासून बर्फ जमवायला लागा. ट्रे भरला की खडे काढून झिपच्या पिशवीत टाका, ट्रे पुन्हा भरा. पिशवी बंद असणं फार महत्त्वाचं आहे, कारण बर्फ आजूबाजूचे वास ओढून घेतो. आपल्याकडे फ्रीजरमध्ये सुरमईचे तुकडे, ओलं खोबरं, आलं-लसणाची पेस्ट असं सगळं असतं. उघड्या ट्रेतला चार दिवसांचा बर्फ ग्लासात टाकून नुसता वास घेऊन बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बर्फ बाहेरून आणणार असाल तर खायचाच बर्फ मागा. महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं २०१८ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे लादीला निळसर झाक दिसली की ती बाटल्या गार करायला ठीक, ग्लासात नको.

चौथी पायरी: सोडा, टॉनिक, लिंबू, पाक

चोवीस ग्लासांत प्रत्येकी १५० मिली सोडा धरला तर साडेतीन लिटरहून थोडं जास्त लागतं. म्हणजे ७५० मिलीच्या पाच बाटल्या. मी आठ आणतो, कारण न पिणारेही लिंबू सोडा घेतात. छोट्या बाटल्या घेतल्या तर जास्त बरं. मोठी बाटली अर्धी होईतो तिचा फसफसाट गेलेला असतो. सोडा आणि टॉनिक (जिनमध्ये घालायचं किंचित कडवट, फसफसणारं पेय) आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. गार सोड्यात वायू टिकतो, कोमट सोडा ओतता ओतताच बसतो.

कागदी लिंबातून सरासरी १५ मिली रस निघतो. चोवीस ग्लासांना दोन डझन लिंबं ठेवा. पातळ सालीची, हाताला जड लागणारी निवडून घ्या आणि कापण्याआधी ओट्यावर तळहाताने दाबून लोळवा. रस पाहुणे येण्याच्या तासभर आधीच काढा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी कडवट लागतो. बाटलीतला तयार लिंबूरस तर आणूच नका.

साखरेचा पाक करायला पाच मिनिटं लागतात. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करा, उकळत बसू नका. गार करून स्वच्छ बाटलीत भरा. फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. पाक करतानाच त्यात आल्याच्या चार चकत्या टाकल्या तर व्हिस्कीसाठी फार छान पाक होतो.

पाचवी पायरी: बाटल्या

आता दुकानात जा. पहिल्या फेरीत चार बाटल्या पुरे: एक व्हिस्की, एक डार्क रम, एक जिन, एक व्होडका. वाइन आणि बिअर पाहुण्यांच्या हिशोबाने त्याच आठवड्यात आणा, साठवू नका. २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवल्यापासून किमती चढल्या आहेत, म्हणून बाटली विचार करूनच घ्यावी.

व्हिस्की ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्कींचं मिश्रण असलेली घ्या, सोड्यात किंवा पाण्यात जाणारी. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत बनलेली माल्ट व्हिस्की, दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. ती घ्याल तेव्हा भारतीय घेऊन बघा. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट सर्वांत आधी ग्लासगोत विकायला ठेवली, स्कॉचच्या माहेरघरी. पॉल जॉन गोव्यात बनते. आपल्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडच्या तुलनेत कितीतरी वेगाने मुरते आणि उडूनही जास्त जाते. त्यामुळे बाटलीवर वय कमी दिसलं म्हणून तिला कमी लेखू नका.

डार्क रम म्हटलं की ओल्ड मंक. १९५४ पासून ती बाजारात आहे आणि तिच्याबद्दल आपुलकी नसलेला पाहुणा मला क्वचितच भेटतो. पावसाळ्यात गरम पाणी, लिंबाची चकती, लवंग आणि चमचाभर मध घालून द्या. कोला असेल तरीही त्यात लिंबू पिळायला विसरू नका, गोडी आटोक्यात येते.

जिनच्या बाबतीत आपल्याकडे गेल्या काही वर्षांत खरोखर चांगलं काम झालंय. ग्रेटर दॅन, हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स या गोव्यात बनणाऱ्या जिन आहेत. ग्रेटर दॅन टॉनिकसाठी आणि रोजच्या वापरासाठी उत्तम. हपुसात हिमालयातल्या जुनिपरचा (जिनला तिचा खास वास देणाऱ्या फळाचा) जंगली, मातकट वास आहे, ती थोडी थोडी द्यावी.

व्होडका मला स्वतःला फारशी प्रिय नाही. पण वास न आवडणारे पाहुणे हमखास तीच मागतात आणि पन्हं, संत्र्याचा रस, लिंबू सरबत अशा कशातही ती मिसळते, म्हणून पहिल्या चारांत ठेवावी.

वाइनसाठी लांब जायची गरज नाही. नाशिकची सुला, अकलूजची फ्रातेली दुकानात सहज मिळतात. आपल्या तिखट जेवणाबरोबर जड रेड वाइन भांडते. तिच्यातला तुरटपणा आणि मिरची एकत्र आले की जिभेची आग वाढते. चेनिन ब्लाँसारखी किंचित गोडसर व्हाइट कोळंबी, सुरमई, भरल्या वांग्याबरोबरही छान जाते. व्हाइट चांगली गार द्या. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम थंड देशांतला आहे. एप्रिलमधल्या नागपूरच्या खोलीत ती गरम लागते. द्यायच्या आधी पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ७५० मिलीत पाच ग्लास होतात.

दुसऱ्या फेरीत, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी, व्हाइट रम, बिटर्सची (थेंबाथेंबाने घालायच्या कडू अर्काची) छोटी बाटली, संत्र्याचं एक लिकर (गोड, सुवासिक दारू) आणि हवी तर टकीला घ्या. व्हर्मूथ घेतलंत तर ते वाइनचंच भावंड आहे हे विसरू नका. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. निळ्या-हिरव्या रंगांची गोड लिकर मुळीच घेऊ नका, वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात.

गोव्यात राहणाऱ्या मराठी घरांची गोष्ट वेगळी. तिथल्या बारमध्ये काजू फेणी हवीच. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मार्च ते मे या काळात पहिल्या धारेची उर्राकही मिळते, सौम्य आणि फळाचा वास असलेली. लिंबाचा सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. पाहुण्यांना तिथे बोलावून द्यावी अशी ती गोष्ट आहे.

सहावी पायरी: भांडी आणि ग्लास

पेग मेजर एकच वस्तू अशी आहे जिच्याशिवाय बार मांडू नये. ३० आणि ६० मिलीचं दुतोंडी स्टीलचं घ्या. डोळ्याच्या अंदाजाने ओतलेला पेग रात्र चढते तसा वाढत जातो. बाकी गोष्टी घरातच असतात. शेकरऐवजी घट्ट झाकणाची काचेची बरणी चालते, गाळायला चहाची गाळणी, पुदिना चेचायला छोटा बत्ता, ढवळायला आइसक्रीमचा लांब चमचा. ओपनर आणि कॉर्कस्क्रू मात्र आधी शोधून ट्रेमध्ये ठेवा.

ग्लास दोनच प्रकारचे: ३०० मिलीचे बुटके आणि तेवढेच किंवा थोडे मोठे उंच. पाहुण्यांच्या दीडपट ठेवा, कारण लोक ग्लास कुठेतरी ठेवतात आणि विसरतात. वाइनसाठी सहा पायवाले ग्लास घेतले तर सुंदर, नाहीतर बुटक्या ग्लासातही वाइन तितकीच चांगली लागते.

सातवी पायरी: तीन पेयं हातात बसवा

पंधरा कॉकटेलं पाठ करू नका. तीन नीट जमली की पुरे.

जिन टॉनिक: उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा. ४५ मिली जिन, त्यावर गार टॉनिक १२० ते १५० मिली, ग्लास तिरका धरून हळू ओता. चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, घुसळू नका. लिंबाची फोड पिळून आत टाका.

व्हिस्की सावर: ४५ मिली व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक, बरणीत बर्फ घालून बाहेरून हाताला गारठा जाणवेपर्यंत दहा-बारा सेकंद हलवा. ताज्या बर्फावर गाळा.

आणि कोकम जिन, माझं सर्वांत आवडतं. इथे आगळ आणि सरबताचा गोड पाक यांत गल्लत करू नका. आगळ म्हणजे सोलांचा मीठ घातलेला आंबट रस, गोडी अजिबात नाही. आगळ १० मिली, साखरेचा पाक २० मिली, जिन ४५ मिली, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, भरपूर बर्फ आणि वर सोडा. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. आधी एक ग्लास स्वतः चाखा, कारण प्रत्येक घरच्या आगळाचा खारटपणा निराळा असतो. हा जांभळट-लाल ग्लास समोर आला की “हे काय आहे?” असा प्रश्न येतोच, आणि कोकणातला पाहुणा असेल तर पुढचा अर्धा तास गावाकडच्या रातांब्यांवर, म्हणजे कोकमाच्या फळांवर, जातो.

जिन वगळली तर हेच पेय न पिणाऱ्यांनाही त्याच ग्लासात, त्याच बर्फात, तितक्याच निगुतीने देता येतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जो पीत नाही त्याच्या हातात बाटलीतलं केशरी शीतपेय देऊन मोकळं होणं हा पाहुणचार नाही. उन्हाळ्यात पन्हं, एरवी आवळ्याचं सरबत, जेवताना सोलकढी. न पिणाऱ्याला “एक घे रे, काय होतंय” असा आग्रह यजमानाने स्वतः करू नये आणि दुसऱ्याला करू देऊ नये.

आठवी पायरी: चकणा आणि जेवण

रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, म्हणून चकणा पहिल्या ग्लासाबरोबरच बाहेर यायला हवा. नुसते खारे शेंगदाणे तहान वाढवतात आणि माणूस भराभर पितो. पोटाला आधार देणारं काहीतरी ठेवा: उकडलेली अंडी, पनीर, चिकन सुक्कं, तळलेले बोंबील, मोड आलेल्या मटकीची भेळ. काकडी आणि पाण्याचा जग सतत समोर असू द्या. जेवण किती वाजता वाढणार ते सुरुवातीलाच सांगून टाका आणि ती वेळ पाळा.

गाडी चालवणाऱ्यांची सोय ही यजमानाचीच जबाबदारी आहे. रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे. ती एका-दोन पेगांतच ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बोलावतानाच “रिक्षाने ये, नाहीतर राहायला ये” असं सांगा. दोन गाद्या आणि पांघरुणं काढून ठेवा.

शेवटची पायरी: साठवण

कडक दारूच्या बाटल्या उभ्या ठेवा, उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. फ्रीजच्या माथ्यावर मुळीच नको, तिथे सतत ऊब असते. व्हिस्की बाटलीत मुरत नाही, त्यामुळे ‘जुनी होऊ दे’ म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. अर्ध्याहून खाली गेलेली बाटली वर्षभरात संपवा. उघडलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, नंतर ती रश्शात घालावी. क्रीम लिकर उघडल्यावर फ्रीजमध्येच. घरात लहान मुलं असतील तर कप्प्याला कुलूप हवंच, आणि आई-वडील सोबत राहत असतील तर तो कप्पा देवघरासमोर नको, एवढं भान ठेवलं की घरात कुरबूर होत नाही.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी ट्रे आवरताना काय संपलं आणि कशाला कुणी हात लावला नाही ते कप्प्याच्या दाराच्या आत कागदावर लिहून चिकटवा. पुढची खरेदी त्या कागदावरून करा.